हत्तुरेबाईंची बिनआवाजाची डिस्क

सोलापूरच्या भवानी पेठेत भुवनेश्वरी हत्तुरे हे नाव सहसा कुणी घेत नाही. नुसतं बाई म्हटलं की पुरतं. मुलींच्या शाळेत बाईंनी उभा जन्म इतिहास शिकवला. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, कुणाच्या मिंध्या राहिल्या नाहीत, आणि आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावर पेंगणारी पोरगी दचकून ताठ बसायची. त्या आवाजाचा बाईंना अभिमान होता. का नसावा? माईक नसताना त्यांनी सगळी शाळा गप्प केलेली लोकांनी बघितली होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या आवाजाला नवं काम शोधलं. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचायची, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची आणि पाठवून द्यायची. जन्मल्या त्याच घरात त्या अजून राहतात. तिथल्या मागच्या खोलीत त्यांनी जुना डेस्कटॉप मांडला, माईक आणला, दाराला जाड सोलापुरी चादर लावली आणि कामाला लागल्या. हे काम हौसेनं कमी आणि चिडून जास्त चाललेलं होतं. विद्यापीठ पुस्तकं नेमतं, प्रकाशक छापतो, दुकानदार विकतो, आणि ज्या पोरीला अक्षर दिसत नाही तिनं काय करायचं, हा विचार करायला एकालाही सवड होऊ नये? बाईंनी पत्रं लिहून बघितली होती. उत्तरं आली नाहीत तेव्हा त्यांनी स्वतःच पुस्तक उघडलं.

मैंदर्गीची सिद्धेश्वरी ही त्यांची सगळ्यात चिवट ऐकणारी. बी.ए.चं शेवटचं वर्ष, बाकी सगळे विषय सुटलेले, फक्त इतिहास मानगुटीवर बसलेला. वडिलांनी तिला सरळ सांगून टाकलं होतं, या खेपेला सुटला तर पुढं शीक, नाहीतर कॉलेज बंद, गप घरी बसायचं. बाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी युरोपच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक हाती घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

फ्रान्सची राज्यक्रांती अर्ध्यात आली आणि सिद्धेश्वरीचा फोन आला. आधी बराच वेळ ती नुसती चाचरत राहिली.

"बाई, राग मानू नका," ती म्हणाली. "पुस्तक मोठं आहे, म्हणून मी दुप्पट वेगानं ऐकते. पण तुमच्या आवाजामागं सारखं खटखट वाजतंय. वेग वाढवला की ते शब्दांवरच येऊन पडतं. निम्म्या सनावळ्या कळतच नाहीत."

बाईंना ते झोंबलं. त्यांच्या वाचनाला जन्मात कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. त्यांनी कानाला हेडफोन लावले, आणि काय सांगावं, खरंच होतं. खटाक-खटाक, खटाक-खटाक, राजाच्या मागं, राणीच्या मागं, संसदेच्या मागं. त्या उठल्या, वाकल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. आतून कुरकुर ऐकू आली. झालं, गुन्हेगार सापडला. हार्डडिस्क. तशीही ती बाईंच्या मनातून उतरलेलीच होती, कारण एक प्रकरण साठवायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात उप्पीट होऊन खाऊन व्हायचं. बाईंनी त्याच दिवशी वाचन थांबवलं, पर्स उचलली आणि कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला.

नवी पेठेत देवदत्त कुलकर्णीचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. देवदत्त मूळचा मोडनिंबचा, दुकान टाकायला सोलापुरात आलेला, स्वभावानं गरीब. बाईंनी त्याला सांगितलं की मला डिस्क हवी, वेगवान हवी आणि मुकी हवी. देवदत्तनं समजावून सांगितलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. जोरात फिरणारी काम लवकर करते पण आवाज करते, हळू फिरणारी गप्प असते पण रेंगाळते. बाई म्हणाल्या, मला ऐकव. त्यानं एक जोडून दाखवली. दुकानात गाणं लागलं होतं, ते बाईंनी बंद करायला लावलं. दोन गिऱ्हाइकं बोलत होती, त्यांच्याकडे बाईंनी बघितलं, ती गप्प झाली. मग भर दुकानात बाईंनी डिस्कला कान लावला, जसा माठ घेताना बोटानं वाजवून ऐकतात तसा, आणि मान हलवली. वाजते.

देवदत्त बोलून गेला की एवढा बारीक आवाज ऐकतंय कोण.

मग काय विचारता. बाईंनी त्याला असा फैलावर घेतला की शेजारचा मोबाईलवालासुद्धा डोकावून गेला. ज्याला दिसत नाही तो ऐकतो, त्याला वही नाही, पुस्तक नाही, जे आहे ते कानात आहे, आणि तुम्ही दोन डोळ्यांची माणसं त्याच्या कानात कचरा टाकता आणि वर विचारता ऐकतंय कोण? देवदत्तनं मुकाट्यानं आतून एसएसडी आणली. हिच्यात काही फिरतच नाही, म्हणाला, तबकडी नाही, मोटर नाही, सगळं चिपवर. वेग म्हणाल तर बटण दाबेपर्यंत काम झालेलं. बाईंनी ती हातावर घेतली. पत्त्यांच्या डबीएवढी आणि वजनाला पापड. त्यांना वाटलं रिकामं खोकंच दिलंय. हलवून बघितली, कानाशी धरली. काही नाही. शेवटी घेतली. देवदत्तनं जुन्या डिस्कमधलं सगळं तिच्यात उतरवून, बसवून दिलं.

घरी येऊन बाईंनी कॉम्प्युटर लावला तर खरंच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडला. बाई खूश. चादर ओढली, माईक पुढं घेतला, आणि फ्रान्सचा राजा वेश पालटून पळून जातो आणि वाटेत ओळखून त्याला धरतात, तो भाग झोकात वाचला. मग हेडफोन लावले.

खटाक-खटाक, खटाक-खटाक.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाई पायरीवर उभ्या होत्या. देवदत्तनं शटर वर केलं आणि पुढचा सगळा वेळ तो ऐकत राहिला. फसवणूक, लबाडी, म्हाताऱ्या बाईमाणसाला टोपी घालणं, ग्राहक मंच, सगळं झालं. गिऱ्हाइकं जमली. देवदत्त म्हणत होता, बाई, जे फिरतच नाही ते खटखट कसं करेल? आतला पंखा असेल. बाई म्हणाल्या, मला शिकवू नकोस, पंखा घुं करतो, हे खट करतंय, एवढा कान मला आहे.

"तुला कान आहेत की नाहीत?" बाई म्हणाल्या. "की फक्त चष्मा अडकवायला ठेवलेत?"

लोक हसले. देवदत्तचा चेहरा लाल झाला. गरीब माणूस, पण इमानाला धक्का लागला की गरीब माणसालाही चढतं. त्यानं दुकान शेजाऱ्यावर सोपवलं, गाडी काढली आणि बाईंच्या रिक्षामागोमाग भवानी पेठेत आला. एकदाचा सोक्षमोक्ष लावूच, म्हणाला.

मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तो थबकला. त्यानं कॉम्प्युटरकडे बघितलंच नाही. तो भिंतीकडे बघत होता, वर जिथं हवेसाठी सिमेंटची जाळी आहे तिकडे.

"बाई, हा आवाज कसला?"

"कसला आवाज?"

ही बाई चेष्टा करतेय की काय, ते देवदत्तला कळेना. मग त्यानं वाकून कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटली. डबा बंद, पडदा काळा. खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला, थोडा वेळ रेकॉर्डिंग केलं, आणि बाईंचे हेडफोन लावून त्यांच्या हातात दिले. कॉम्प्युटर मेलेला आणि कानात मात्र खटाक-खटाक चालू होतं.

भिंतीपलीकडं मल्लप्पाचा कारखाना होता. टॉवेलचे माग. मल्लप्पाच्या आधी त्याच्या बापाचे. बाई पाळण्यात होत्या तेव्हापासून ते चालू होते. त्यांनी त्याच आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात आईला पोचवलं, वह्या तपासल्या, पुरणपोळ्या लाटल्या. पेठेत तो कुणालाच ऐकू येत नाही. मोडनिंबच्या माणसाला दारातच ऐकू आला.

आता इथं एखादी साधी बाई म्हणाली असती, चुकलं बाबा माझं. हत्तुरेबाईंच्या तोंडून ते निघणं कठीण. त्या एकदा भिंतीकडे बघायच्या, एकदा देवदत्तकडे, आणि त्यांना जास्त राग कशाचा आला होता तेच कळत नव्हतं, मागाचा की या पोराचं खरं निघाल्याचा. शेवटी त्यांनी त्याला बसायला सांगितलं, चहा टाकला आणि आल्याचा अख्खा तुकडा घातला. देवदत्तला तो तिखट लागला, पण त्यानं कप रिकामा केला. चहा पिताना बाई म्हणाल्या की उद्या दुकानात येईन, आणि जे आज बोलले ते लोकांसमोर परत घेईन. त्या गेल्याही. गिऱ्हाइकं यायची वाट बघत बसल्या आणि मगच बोलल्या.

पण त्याआधी मल्लप्पाचा समाचार घ्यायचा होता. देवदत्त गेला तशा त्या तरातरा कारखान्यात शिरल्या. आत माग धडधडत होते. मल्लप्पा हसत पुढं आला. बाईंनी सुरुवात केली. आंधळ्या पोरीचं वर्ष, बापाची धमकी, दुप्पट वेग, बुडालेल्या सनावळ्या, शेजारधर्म, माणुसकी, काही म्हणून सोडलं नाही. मल्लप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, आणि बाईंना वाटलं, चला, माणूस समजूतदार आहे. बाईंचं संपल्यावर त्यानं हात वर करून माग बंद करायला सांगितले.

"आता बोला बाई. काय म्हनत हुता?"

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं आणि आवाज असा घुमला की छपरावरची कबुतरं उडाली. सगळे विणकर वळून बघायला लागले. मागांवर चढवलेला स्वतःचा आवाज बाई पहिल्यांदाच मागांशिवाय ऐकत होत्या. हा एवढा खणखणीत आवाज कुणावर मात करायला कमावला होता, ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी आवाज जरा खाली आणला आणि साध्या शब्दांत सांगितलं, पोरीला ऐकू येत नाही मल्लप्पा, तुझ्या मागांमुळं.

मल्लप्पानं डोकं खाजवलं. "बाई, माग तर तुमच्या जन्माआदीपासून हाय. तुमी कदी बोलला न्हाय. आज नवीन काय झालं?"

प्रश्न खरा होता, आणि खरं अंगावर आलं की बाईंचा पारा चढतो. त्या काहीतरी लागट बोलणारच होत्या, इतक्यात कारखान्याच्या मागच्या खोलीतून नागव्वा बाहेर आली. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणं हे तिचं काम. ती बसते बरोबर त्या जाळीखाली, बाईंच्या भिंतीला पाठ लावून. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, मराठी कानडी वळणाचं. तिनं पदराला हात पुसले आणि बाईंना विचारलं.

"बाई, त्या राजाला वाटंत धरलं, मग फुडं काय केलं?"

बाईंना आधी कळेचना.

"तुमी मोट्यांदा वाचता की. जाळीतनं येतंय. आमाला काय, कांड्या भरता भरता कान रिकामाच. त्या बाया भाकरीसाटी राजाच्या दारात चालत गेल्या, तितपासून ऐकतोय. काल धरला म्हनला आनि गप झाला. आज दिवसभर वाट बगितली."

विणकरांतला एक जण म्हणाला की नागव्वा आम्हाला रोज सांगते. बाई उभ्या होत्या तिथल्या स्टुलावर बसल्या. त्यांना राग आला, पण आता कुणावर काढायचा तेच उमगेना. शाळेत इतकी वर्षं त्यांनी पोरींच्या मागं लागून, छडी आपटून हा धडा ऐकवला होता. आणि इथं, ज्या भिंतीला त्या शिव्या घालायला आल्या, तिच्या पलीकडं एक बाई राजाचं काय झालं म्हणून ताटकळत होती.

मग मल्लप्पानंच तोड काढली. दुपारी जेवायला सगळे माग बंद असतात, तेव्हा वाचा. ऐकायला सोपं, पण ती वेळ बाईंच्या झोपेची. दुपारी कुणी बेल वाजवली तर बाई त्याची सात पिढ्यांची आठवण काढायच्या. ती झोप इतकी गाढ का लागते, तेही त्यांना आजच समजलं. पण सिद्धेश्वरीच्या बापाचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. झोप गेली खड्ड्यात, म्हणाल्या.

दुसऱ्या दुपारपासून वाचन सुरू झालं, तेही आधीपेक्षा हळू आवाजात. नवी डिस्क मुकाट्यानं सगळं पोटात घेत होती. बाईंनी राजा पॅरिसला परत आणला, त्याच्यावर खटला चालवला आणि शेवटी त्याचं डोकं उडवलं. ते सगळं पाठवून दिलं आणि फोनची वाट बघत बसल्या.

सिद्धेश्वरीचा आवाज मोकळा होता. खटखट गेली होती, दुप्पट वेगानं एकेक सन कळत होता.

"फक्त एक आहे बाई. राजाचं डोकं उडतं ना, तिथं मागून कुणीतरी बाई म्हणतेय, बरं झालं."

बाई ताडकन उठल्या. नागव्वा जाळीखाली भाकरी खात बसलेली असणार. बाई म्हणाल्या, थांब, ते पान मी पुन्हा वाचते, आणि त्या बयेला चांगली दटावते. रेकॉर्डिंग म्हणजे काय चावडी आहे का?

"नको बाई, राहू द्या," सिद्धेश्वरी म्हणाली. "बाकी सगळं पाठ करावं लागतं. ते पान एकदा ऐकलं आणि डोक्यात बसलं."

बाईंनी ते पान तसंच ठेवलं. पुढच्या प्रकरणांतही एक-दोन ठिकाणी मागून उसासा ऐकू येतो, एका ठिकाणी चक्क शिवी आहे, कानडीत. तीही आहे.

निकाल लागला त्या दिवशी मैंदर्गीहून फोन आला तेव्हा माग जोरात चालू होते. सिद्धेश्वरी सुटली होती. बापानं पुढच्या कॉलेजचा फॉर्म आणलाय, म्हणाली. बाईंनी फोन ठेवला, मागच्या खोलीत स्टूल ओढलं, वर चढल्या, जाळीला तोंड लावलं आणि उभ्या जन्माचा सगळा आवाज लावून ओरडल्या की नागव्वा, पोरगी पास झाली.

मागांच्या गदारोळात पलीकडं काही गेलं असेल असं त्यांना वाटलं नाही. त्या उतरायला लागल्या, तेव्हा जाळीतून उत्तर आलं.

"बरं झालं."