पेटीचा उघडा माइक

नझीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावत बसलो होतो. फोन आमच्या पखवाजवाल्या दिनेशचा. चार दिवस दवाखान्यात होता म्हणे, छातीत दुखत होतं. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? चार दिवस मला कोणी कळवलं कसं नाही! मुद्दामच कळवलं नसणार. मित्र गेला आणि मी ह्यात काही डाव आहे का ते शोधत बसलो... माझा स्वभावच तसला. आमची ही म्हणते, कोणी गोड बोललं तरी मी विचारतो, ह्याला काय हवंय.

नझीरचं मिरकरवाड्याच्या रस्त्याला साउंडचं दुकान. चाळीस वर्षं माझं भजन आणि त्याचे भोंगे, असं आम्ही जिल्हाभर फिरलो. देवळात त्याच्यासाठी चहा बाजूला निघायचा आणि ईदला त्याच्याकडे माझ्यासाठी वेगळी शाकाहारी बिर्याणी, तिला तो आयुष्यभर नावं ठेवत आला. त्याची कामाची एक पद्धत ठरलेली होती. कार्यक्रम सुरू झाला की बुवाचा माइक बंद करायचा नाही. बुवा मनात येईल तेव्हा सूर धरतो, कोणाला विचारून नाही, आणि त्याच वेळी माइक बंद असला की साउंडवाल्याची अब्रू जाते, असं त्याचं म्हणणं. बाकीच्यांचे माइक तो खालीवर करी, माझा तेवढा उघडा.

पाच वर्षांपूर्वी जेटीवर बसलो असताना तो म्हणाला, ‘‘बुवा, डावा कान गेला माझा. घरातपण माहीत नाही. तू कोणाला बोलू नको मेल्या, धंदा जाईल.’’ मी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मुंबईहून सात जणांची वादक मंडळी आली, त्यांत दोघे परदेशी. सॅक्सोफोन वाजवणारी बाई त्यांची प्रमुख, तिचं आजोळ इथलं. जाझ वाजवत, पण त्याला प्रार्थना म्हणत. एकच सूर अर्धा अर्धा तास धरून ठेवायचा आणि त्याच्यावर ती बाई सॅक्सोफोन असा वाजवायची की जणू कोणाला तरी हाका मारतेय. मला संशयच होता. देवाचं नाव न घेता कसली प्रार्थना? पण एका रचनेत मी पेटी वाजवावी आणि दिनेशने पखवाज, असं त्यांनी विचारलं, आणि खोटं कशाला सांगू, मी हुरळलो. कार्यक्रम आंब्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये, हंगामाआधी ती रिकामीच असते. सगळं तिथल्या तिथे रेकॉर्ड करून त्याची तबकडी निघणार होती. रेकॉर्डिंग नझीरकडे द्या, असं मीच सांगितलं. तो नवा शर्ट घालून आला होता.

कार्यक्रम झकास झाला. तीन महिन्यांनी सूनबाईने फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. सॅक्सोफोन आहे, त्यांचे ड्रम आहेत, दिनेशचा पखवाज आहे, शेडच्या पत्र्यावर आपटलेली फांदीसुद्धा ऐकू येते... माझी पेटी नाही. नाव छापलंय आणि आवाज नाही!

मी तसाच दुकानात गेलो. नझीर म्हणाला, तुझी वायर सैल होती, काही नोंदलंच गेलं नाही, माझी चूक. एवढंच. माझ्याकडे बघतही नव्हता, खोक्यात कसला तरी स्क्रू शोधत होता. मी म्हटलं, चाळीस वर्षांत तुझी वायर कधी सैल निघाली नाही, ती नेमकी त्याच दिवशी? त्याने खोकं जवळ ओढून आणखी खाली हात घातला. चोराच्या मनात चांदणं, मी ठरवून टाकलं. बुवाचं नाव मोठं होईल म्हणून पोटात दुखलं ह्याच्या. मंडळींनी पुढच्या रेकॉर्डिंगला दुसरा माणूस घेतला तेव्हा मला वाटलं, बघा, त्यांनाही कळलं. मी भजनाला दुसरा साउंडवाला बोलवू लागलो. नझीर समोरून आला तर मी मासे बघत उभा राहायचो. अशी दोन-अडीच वर्षं घालवली. आज लिहिताना लाज वाटते.

चाळिसावा झाल्यावर त्याच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. दुकान आवरताना एक पेनड्राइव्ह सापडला होता, वर चिठ्ठी, ‘बुवाची पेटी’. मी गेलो. तिने मला मिक्सरपुढे त्याच्याच खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला.

पेटी होती. पहिल्या सुरापासून सगळी! आणि काय वाजवली होती मी... डोळे भरून आले. मनात म्हटलं, पकडला तुला. मग मधे जिथे मी नुसता एक सूर दाबून बसलो होतो तिथे कुजबुज सुरू झाली. माझीच, त्या दिवशी शेडमध्ये सॅक्सोफोनच्या आवाजात बुडालेली. मुंबईच्या कार्यक्रमात सगळे माइक खालीवर करतात म्हणून ह्या वेळी माझाही बंद असेल, अशी माझी समजूत. मी दिनेशला सांगत होतो, ‘‘ह्या नझीरचा डावा कान गेलाय, ठार बहिरा. ह्यांना कळलं तर उभा करणार नाहीत. मीच चिकटवलाय त्याला.’’ आणि वर हसलो होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पेटीच्या खाली, सुरांत मिसळून, वेगळं काढता न येणारं.

तो त्या वेळी दहा हातांवर उजव्या कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझी कुजबुज जगाने ऐकू नये म्हणून पेटी काढून टाकली, सैल वायर स्वतःच्या माथी घेतली.

शबाना दारात उभी होती. म्हणाली, ‘‘काका, एक विचारू? लोक म्हणतात अब्बांनी ते काम कानामुळे बिघडवलं. कानाचं आम्हालाही लोकांकडूनच कळलं. मोठं काम होतं त्यांचं ते. खरंच बिघडवलं त्यांनी?’’

नाही म्हणून सुटता आलं असतं. मी उठलो, तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि पहिल्यापासून लावलं. मग तिच्यासमोर उभा राहिलो, ती माझ्याकडे कधी बघते त्याची वाट बघत.