गोल कोणामुळे

सवय नसताना, तेही साठीनंतर, दुसऱ्याविषयी लिहू धजणे हे धारिष्ट्यच. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

लंडनच्या हॅरो भागातले माझे शेजारी दर बुधवारी मुलीच्या कॉलेजची फुटबॉल मॅच पाहायला जात आणि मला सोबत नेत. मुलगी बचावफळीत खेळे. ते टाळीसुद्धा वाजवत नसत. “ओरडून काय होतं हो? नोंद हवी,” असे म्हणत आपल्या संघावर झालेला प्रत्येक गोल वहीत टिपत आणि ‘कोणामुळे’ या रकान्यात खेळाडूचे नाव लिहीत. निम्मा हंगाम सरल्यावर त्यांनी तो तक्ता कोचच्या हाती दिला. त्यात सर्वांत जास्त वेळा मुलीचेच नाव होते.

“बाबा, तुम्ही माझा साइडला आहे ना?” तिने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारले.

“जे झालं तेच लिहिलंय, राणी.”

पुढच्या बुधवारी ती बेंचवर होती. तिच्या जागी आलेल्या मुलीला चकवून गोल झाला. शेजारी बराच वेळ पेन धरून उभे राहिले आणि मग त्या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

त्यांना प्रामाणिक म्हणावे की कठोर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही तो तक्ता दिला असता का?