विहीणबाईंचं तिखट रताळं

माझ्या विहीणबाईंइतकं रताळं ओळखणारं माणूस चंदगडापासून कोल्हापुरापर्यंत दुसरं नसेल, आणि चुकून एखादं निघालंच तर विहीणबाई त्याला विळीवर बसवतील आणि त्याच्या कापण्यातल्या चार चुका काढून परत पाठवतील. या माझ्या सुनेच्या आई. त्यांचं गाव चंदगड तालुक्यात, डोंगरातलं, फार पावसाचं. तिथल्या आपल्या तुकड्यात त्या रताळी लावतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काजू लावला, ऊस लावला, विहीणबाईंनी वेल सोडला नाही. दसरा झाला की शिमग्यापर्यंत त्यांच्या खेपा चालू, आणि बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून तर त्या दुप्पट झाल्या. आमच्या कोल्हापूरलगतच्या उचगावला पुलाखाली एसटी थांबते. आधी एक पोतं उतरतं, मग एक फुगलेली पिशवी उतरते, मग विहीणबाई उतरतात. एकदा कंडक्टरनं पोत्याचं तिकीट काढायला सांगितलं. विहीणबाईंनी त्याला उलट विचारलं, "तू रताळं कसं खातोस?" तो बिचारा म्हणाला, "गुळात शिजवून, मावशी." मग गडहिंग्लजपासून कागलपर्यंत त्यांनी त्याला जे काही सुनावलं त्यात तिकीट राहूनच गेलं. पुलाखाली पोतं खाली देताना तो विचारत होता, "मावशी, आधी हळद लावायची का मीठ?"

गुळाशी त्यांचं भांडण नाही. चहात घालतात, भाकरीबरोबर खातात. पण रताळ्यात गूळ पडलेला बघितला की त्यांना आपल्याच घरातलं कुणी फसवलं गेल्यासारखं वाटतं. आमच्या घरी रताळं यायचं ते एकादशीला आणि महाशिवरात्रीला, आणि दोन्ही वेळा गुळातच पडायचं. एरवी वर्षभर 'रताळ्या' हा शब्द आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, कारखान्यातल्या नव्या पोरांसाठी वापरायचे तेवढाच. मुलाच्या लग्नानंतर विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तो नेमका महाशिवरात्रीचा दिवस. मी हौसेनं पाकातले काप केले होते, वर वेलदोडा घातला होता. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि कुणाच्या मयताला आल्यासारखा चेहरा केला. म्हणाल्या, "ईनबाई, गोड बोलणाऱ्या माणसाला गूळ चारायचा नसतोय. मिरची चारायची. मग कळतंय तो खरा कसा हाय ते." आणि पिशवीतून किसणी काढून बसल्या. किसाला त्यांनी जिरं-मिरचीची फोडणी दिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. त्यांनी बरणीतली कांदा-लसणाची चटणी घातली. मी घाबरून म्हटलं, "अहो, उपासाला लसूण?" त्या म्हणाल्या, "मला उपास न्हाय. रताळ्यालाबी न्हाय. हाय कुणाला?" उपास मालकांना होता. तो त्या वासानंच मोडला. मालक अजून देवासमोर त्याचा दोष विहीणबाईंच्या नावावर टाकतात, पण त्या दिवशी पातेलं पुसून कुणी खाल्लं ते मी बघितलं आहे.

आता त्यांच्या त्या फुगलेल्या पिशवीबद्दल सांगायला पाहिजे. आपल्याकडे एक जुनी चाल होती. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या आईबापांनी तिच्या सासरचं अन्न खायचं नाही. आता ती कोण पाळतंय! मुलीकडची माणसं येतात, पोटभर जेवतात, जाताना डबा भरून नेतात. पण विहीणबाईंच्या आईनं ती पाळलेली, म्हणून विहीणबाई पाळणार. त्यामुळे पिशवीत त्यांचा स्वतःचा तवा, तेलाची बाटली, मिठाची पुडी, चटणीची बरणी, तांदळाचं पीठ आणि वर पिण्याच्या पाण्याचा कॅन. आमच्या स्वयंपाकघरात येऊन त्या आपल्या सामानानं आपलं रताळं शिजवणार, आम्हाला पोटभर वाढणार, आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसणार. त्यांचं आम्ही खायचं, आमचं त्यांनी खायचं नाही. मालकांना चेष्टेला एवढं पुरे. ते म्हणायचे, "ईनबाई, तवा तुमचा, तेल तुमचं, पण गॅस आमचाच हाय की! त्याचं काय करणार?"

"जाळ कुणाचा नसतोय, इवाय." व्याह्याला त्या इवाय म्हणतात.

"आणि सिलेंडर?"

पुढच्या खेपेला पिशवीतून काड्याची पेटी निघाली. गॅस स्वतः पेटवून त्या मालकांकडे वळल्या. "पेटवला कुणी? मी. मग जाळ कुणाचा?" मालकांनी पेपर तोंडासमोर धरला. कारखान्यात चाळीस माणसांना गप्प करणारा माणूस एका काडीपुढं हरला.

पण माझ्या सुनेला यात हसू येत नसे. ती आत ताटावर बसायची, आई पायरीवर, मधे उंबरा. प्रत्येक खेपेला ती एकच म्हणायची, "आई, एकदा माझ्या शेजारी बसून जेव की." आणि विहीणबाई मागे न वळता म्हणायच्या, "बसतो की गे. नातवंड येऊ दे, मांडी घालून बसतो." त्यांच्याकडे आणि आमच्याकडेही बायका मी खातो, मी बसतो असंच बोलतात. पहिल्या वर्षी नातवंडाच्या त्या बोलण्याला आम्ही बाकीचे हसायचो. नंतर मालक तेवढे हसायचे. नंतर तेही हसेनात.

रताळ्याचं मात्र त्यांनी काय काय केलं! पातळ चकत्यांना हळद, मीठ, तिखट लावून आमसुलाच्या पाण्यात ठेवायच्या, मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर मासळीसारख्या भाजायच्या. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि गोडवा असा की तिखट ओसरल्यावर मागून हळूच येतो. निखाऱ्यात भाजून साल काढायची, वांग्यासारखं कुस्करायचं, वर लसूण-मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि कच्चं तेल. सुकटीबरोबर परतायचं. ओलं खोबरं आणि काजू वाटून पांढरी आमटी करायची. वेलाच्या कोवळ्या पाल्याचीसुद्धा भाजी, तूरडाळ घालून. चकती रुपयापेक्षा जाड झालेली त्यांना चालत नाही. माझी झाली तर त्या ती उचलून उजेडात धरतात आणि विचारतात, "ही काय, दाराला अडसर लावायला केली?"

एका रविवारी तर त्यांनी कोल्हापूरच्या अब्रूलाच हात घातला. मालकांनी कारखान्यातल्या एका जुन्या मित्राला मटणाला बोलावलं होतं. शेगडीवर माझं मटण शिजत होतं आणि शेजारी विहीणबाईंचं पातेलं. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटलेलं, बोटभर तेलाचा तवंग, आणि आत मटणाच्या जागी तळून घेतलेली रताळी. मित्र लवकर आला, भुकेला होता, आणि विहीणबाईंनी त्याच्यापुढं आपल्या पातेल्यातल्या रश्श्याची वाटी ठेवली. त्यानं ती एका दमात प्यायली. दुसरी प्यायली. तिसऱ्या वाटीला घाम पुसत मालकांना म्हणाला, "काय रस्सा झालाय मर्दा! बकरं कुठनं आणलंस?"

विहीणबाई दारातून म्हणाल्या, "चंदगडनं."

"तरीच! डोंगरातलं हाय. पाला खाल्लेलं कळतंय लगेच."

चौथ्या वाटीत रताळ्याची फोड आली. त्यानं ती चावली, थांबला, मालकांकडे बघितलं. पण चार वाट्या पिऊन झाल्यावर कोल्हापूरच्या माणसाला मागे फिरता येत नाही. "लई कवळं हाय," तो म्हणाला आणि मान खाली घालून खात राहिला. मालक पंधरा दिवस कारखान्याच्या कॅन्टीनकडे फिरकले नाहीत. मित्र मात्र अजून फोन करून विचारतो, त्या पाहुण्या परत कधी येणार.

अशी सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत माझ्या मुलानं आणि सुनेनं कोल्हापुरात राजारामपुरीतले दवाखाने पालथे घातले. तपासण्या झाल्या, सुया झाल्या, गोळ्यांनी सुनेचा चेहरा सुजला. घरी येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "काय, गोड बातमी कधी?" विहीणबाईंनी एकदाही विचारलं नाही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. पण एकदा भांडी घासताना सून माझ्याजवळ हळूच म्हणाली, "आई विचारत न्हाय, पण तिची ती पिशवी विचारतीया." मी नळ मोठा केला.

यंदा संक्रांत झाल्यावर विहीणबाई आल्या. नेहमीसारखी पिशवी सोडली, विळी घेऊन बसल्या. त्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या मागच्या पोत्यातली रताळी भाजून आमच्यापुरतं भरीत केलं होतं आणि भाकऱ्या थापल्या होत्या. सून आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आई, आम्ही दवाखाना सोडला."

"का गे?"

"दोघांनी ठरवलं. आता सुया नकोत. मूल न्हाय झालं तर न्हाय."

विहीणबाई चकत्या कापत राहिल्या. "बरं," म्हणाल्या.

"बरं काय, आई? मग तू काय जन्मभर पायरीवर बसणार?"

विळीचा आवाज तेवढा येत होता. मी बघितलं तर चकत्या जाड पडत होत्या, एक बोटभर, एक त्याहून जाड. त्यांच्या हातून तसली चकती पडलेली मी कधी बघितली नव्हती. मी उठले. तीन ताटं घेतली. तिन्हीत भाकरी आणि भरीत वाढलं. एक सुनेपुढं ठेवलं, एक माझ्या जागी, आणि एक विहीणबाईंच्या विळीशेजारी.

त्यांनी ताटाकडे बघितलं. "रताळं कुठलं?"

"तुमचंच. मागच्या पोत्यातलं."

"तेल?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. "आमचं," मी म्हणाले.

"मीठ?"

"आमचं."

"पाणी?"

"नळाचं."

मालक दारात उभे होते. एरवी त्यांनी दोन टोमणे मारले असते. ते खाली वाकून चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

विहीणबाईंनी विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि लेकीला म्हणाल्या, "सरक की गे जरा. भिंत काय पडणार हाय व्हय, धरून बसलीयास ती?" आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. पहिला घास घेतला. सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"लसूण कच्ची ऱ्हायली, ईनबाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या वक्ती नीट परता." आणि दुसरी भाकरी मागून घेतली. सून हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती, आणि विहीणबाई तिला कोपरानं ढोसत होत्या की जेव, निवतंय.

आता त्या आमच्या घरचं सगळं खातात आणि सगळ्याला नावं ठेवतात. आमटी पातळ, भात मोकळा नाही, चहाला चव नाही. मालक म्हणतात, "पायरीवर होता तेच बरं होतं की." घरात पुन्हा हसणं आलं आहे. पण मला एक गोष्ट लागून राहिली आहे. त्या सहा वर्षांत मी त्यांना एकदाही ताट वाढलं नव्हतं. त्यांचा नियम आहे म्हणून मी बाजूला उभी राहायची आणि त्यात मी त्यांचा मान राखते असं मला वाटायचं. खरं म्हणजे मीही नातवंडाचीच वाट बघत होते, न विचारता, त्यांच्यासारखीच. पहिल्याच वर्षी मी ताट वाढलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, पायरीवर जाऊनच बसल्या असत्या. पण मी वाढलं, एवढं तरी माझ्या सुनेनं बघितलं असतं.