शटरवर चिकटवलेला पोर्ट नंबर

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन आठवडे कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं. ही बातमी ऐकून आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त आनंद समाजमंदिराच्या समितीला झाला असणार.

नवी पेठेच्या मागच्या अंगाला, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत अप्पांचं डीटीपीचं दुकान आहे. तिथे लग्नपत्रिका पोटासाठी होतात आणि पत्रकं हौसेसाठी. हौस कसली, व्यसनच. मी पहिलीपासूनची गणितं पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली आहेत. एका बाजूला बेरीज, दुसऱ्या बाजूला ‘जाहीर निषेध’. त्यामुळे मला आजही हातचा विसरला तरी संताप येतो.

समितीने त्या महिन्यात ठरवलं होतं की समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका बंद करायची आणि ती खोली एका मंडपवाल्याला खुर्च्या ठेवायला द्यायची. गल्लीतल्या पंधरा-वीस मुली तिथे परीक्षांचा अभ्यास करत. मीही तिथेच बसून शिकले. निर्णय रविवारी सकाळी दहाच्या सभेत हात वर करून होणार होता, आणि सभेची वार्ता समितीने नेमकी स्वतःच्या नातेवाइकांपुरती ठेवली होती. म्हणजे आमचं पत्रक शनिवारी पाचच्या आत छापून मुलींच्या हाती पडलं, त्यांनी ते घरोघर वाटलं, तरच खोली वाचणार होती.

अडचण अशी की मी चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात नोकरी करते. तिथला संगणक विभाग म्हणजे मी आणि एक टेबलफॅन. शनिवारीही सुट्टी नाही. मग दुकानाचा कॉम्प्युटर कारखान्यातून चालवायचा, असं मी ठरवलं.

त्यासाठी गुरुवारी संध्याकाळी राउटरसमोर बसले. केबलवाल्याकडून दुकानाच्या इंटरनेटला कायमचा पत्ता मागून घेतला होता. कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, प्रत्येकाला आकडा असतो, हे अप्पांना समजावलं. दूरवरून पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर एका ठरावीक दाराशी बसतं, पण तो आकडा जगातल्या सगळ्या चोरांना पाठ आहे. म्हणून बाहेरून वेगळाच आकडा द्यायचा आणि त्यावर आलेल्याला राउटरने गुपचूप आत नेऊन सोडायचं. अप्पांनी लगेच एक आकडा सुचवला. तो आमच्या गल्लीत इतका पूज्य आहे की कुणीही पहिल्या झटक्यात ओळखला असता. मी पाच अंकी आकडा निवडला, परवलीचा शब्द ठेवला आणि दोन्ही त्या कायमच्या पत्त्यासकट एका चिठ्ठीवर लिहून अप्पांच्या उशाशी ठेवलं. ‘फक्त कारखान्याच्या पत्त्यावरून येणाऱ्यालाच आत घ्या’ हा शेवटचा नियम घालायचा राहिला. म्हटलं, रविवारी घालू.

कारखान्याच्या बाजूनेही एक दार उघडावं लागलं. क्रिकेटच्या स्कोअरची साइट उघडा म्हणून हात जोडणाऱ्या अख्ख्या हिशेब विभागाला मी वर्षभर ‘नियम म्हणजे नियम’ असं ऐकवलं होतं. स्वतःसाठी मात्र फायरवॉलमध्ये, म्हणजे कारखान्याच्या इंटरनेटच्या पहारेकऱ्यात, नियम लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘तात्पुरता’.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत पत्रक शेवटचं वाचत होते. तेवढ्यात पडदा गेला. दुसऱ्या कुणी प्रवेश केल्यामुळे तुमची जोडणी तुटली, असा निरोप आला. या व्यवस्थेत एका नावाने एकालाच बसता येतं. दुसरा आला की पहिला बाहेर. मी परत शिरले, तर माझ्या पत्रकावर एक लग्नपत्रिका उघडलेली, आणि निमंत्रकांच्या यादीत मधेच जागा करून कर्सर लुकलुकत होता. ती बंद करते न करते तोच पुन्हा बाहेर.

तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा माझ्या पत्रकाच्या खाली, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘कोण हाय तितं? सारकं सारकं भायेर का काडता?’

मी खाली लिहिलं, ‘तुम्ही कोण? चोर?’ आणि लगेच बाहेर फेकले गेले. एकाच खुर्चीवर दोघांनी आळीपाळीने बसून एकमेकांना चिठ्ठ्या ठेवाव्यात, असं ते भांडण चाललं.

‘चोर न्हाय, मामा हाय. नवरीचा सख्खा मामा. दुधनीवरनं झेरॉक्सवाल्याकडून लिवून घेतोय. पत्रिकेत आत्याच्या दिराचं नाव हाय, माजं न्हाय.’

‘मामा, पण तुम्ही आत आलात कसे?’

‘तुमच्या शटरवर लिवलंय की. भाचीनं फोटू धाडला. सर्वांनी लाभ घ्यावा म्हून. घेतला.’

मी अप्पांना फोन लावला.

“अप्पा, शटरवर काय लावलंय?”

“जाहीर निवेदन,” अप्पा अभिमानाने म्हणाले. “सकाळी तू गेल्यावर शेजारच्या पोरीकडनं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. दुकान बंद नाही, काम या दारानं पाठवावं. खाली पत्ता आणि नंबर.”

“आणि परवलीचा शब्द?”

“तो पण. दार सांगायचं आन किल्ली दडवायची, ही कसली बनवाबनवी?”

“अप्पा, तो गुपित ठेवायचा असतो!”

“व्हय? ‘जे लोकांपासून लपवलं जातं ते लोकांच्या विरुद्धच असतं’ हे वाक्य कुणाचं? आत्ताच्या पत्रकातलं तुझंच की.”

माझंच होतं. दुसऱ्या परिच्छेदात. मला फार आवडलेलं.

घड्याळात दोन वाजून गेले होते. परवलीचा शब्द बदलावा म्हणून पुन्हा आत शिरले, तर मामांनी मधल्या वेळात पत्रक वाचून काढलेलं. खाली नवीन मजकूर: ‘ही आब्यासिका म्हंजे समाजमंदिराच्या वरची का? माजी भाची तितंच बसून नर्स झाली. बंद कोण करतंय? बघतोच.’ आणि त्याखाली, माझ्या नावाच्याही वर, निमंत्रक म्हणून त्यांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कंसात मुक्काम दुधनी.

आता शब्द बदलणं जिवावर आलं. मी लिहिलं, ‘मामा, हे पत्रक पाचच्या आत छापायचंय. तुम्ही आत आलात की मी बाहेर पडते. आता येऊ नका.’

‘आदी पत्रिकेत नाव घाला.’

‘मुलीच्या वडिलांना विचारल्याशिवाय पत्रिकेला हात लावणार नाही.’

यावर मला कुणी बाहेर काढलं नाही. मी दुसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य काढावं की ठेवावं याचा विचार करत बसले. ठेवलं. लाज वाटली तरी खरं होतं. अडीचला अप्पांचा फोन आला.

“मुलीचे वडील शटर बडवतायत. मेव्हण्यानं फोनवर लई झापलंय म्हणे. चुकून राहिलं, पहिलं नाव मामाचंच घाला म्हणतायत, आत्ताच्या आत्ता.”

“घालते. आणि अप्पा, प्रिंटरमध्ये कागद लावा. पडद्याकडे बघायचं नाही.”

“भिंतीकडे तोंड करून बसलोय.”

पत्रिकेत मामा पहिले आले. पत्रकातही मी त्यांना तसंच ठेवलं. तिथे कुणाला विचारायचं नव्हतं, निमंत्रक मीच होते. तीन वाजता छपाईचा हुकूम दिला. अप्पा काळा चष्मा लावून, भिंतीकडे बघत, नुसत्या आवाजावर प्रिंटर चालवत होते. “अडकला,” ते फोनवर म्हणायचे, आणि दहा सेकंदांनी मला पडद्यावर कागद अडकल्याची सूचना दिसायची. पावणेपाचला मुली येऊन गठ्ठे घेऊन गेल्या.

रविवारी सभेला इतकी माणसं आली की निम्मी जिन्यात उभी होती. अध्यक्षांनी पत्रक नाकासमोर धरलं.

“यातले पहिले निमंत्रक आपल्या वस्तीतले नाहीत. हे दुधनीचे गृहस्थ कोण?”

“मीच की,” जिन्यातून आवाज आला. पांढरा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. “नवरीचा मामा. भाची हितं वर बसून शिकली, म्हून आज पेढे वाटतोय. अध्यक्षसाहेब, तुमी बी घ्या. मग सांगा, खुर्च्या कुटं ठेवायच्या.”

पेढा तोंडात असताना अभ्यासिका बंद करा असं म्हणणं अवघड असतं. मंडपवाल्यासाठी हात वर करायला सांगितलं, तेव्हा तीन हात वर झाले आणि त्यातला एक इकडेतिकडे बघून खाली आला.

दुपारी मी सुरी घेऊन शटर खरवडायला बसले. कागद चिकटवायची खळ अप्पांनी स्वतः शिजवली होती. आमच्या घरची खळ पावसाळे काढते. कागदाचे कोपरे निघाले, आकडा आणि शब्द काही निघेनात. शेवटी नाद सोडला आणि आत जाऊन दोन्ही बदलले, राहिलेला नियमही घातला. सोमवारी कारखान्यातला ‘तात्पुरता’ नियम पुसून साहेबांना कबुली दिली. हिशेब विभागाने ती ऐकली आणि तेव्हापासून तो मला रोज स्कोअर विचारतो.

अप्पांनी नवा आकडा विचारला. मी सांगितला नाही.

“लोकांपासून लपवतेस?”

“तुमच्यापासून लपवते. लोक त्यातच आले.”

“तुझ्याविरुद्ध पत्रक काढीन.”

“काढा की. डॉक्टरांनी अजून आठ दिवस सांगितलेत. टाइप कोण करणार?”

अप्पांनी भिंतीकडून माझ्याकडे तोंड वळवलं.

“त्या मामांचा फोन नंबर असेल ना तुझ्याकडं?”