उजव्या दारातला स्पीकर

माझा दादा गाड्यांमध्ये टेप आणि स्पीकर बसवतो. तीस वर्षं हेच करतोय. बाजारात त्याला 'आवाजवाले' म्हणतात. घरात त्याचा स्वतःचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नाही. मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हापासून दुपारचा डबा मीच दुकानात नेते आणि तासभर तिथे बसते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

हल्ली त्याच्याकडे जुन्या गाड्याच येतात. मालकाला गाडीही सोडवत नाही आणि मोबाइलमधली गाणीही. मग दादा टेप बाहेर ओढतो, त्याच्या मागे काडेपेटीएवढी एक डबी जोडतो आणि टेप परत जागेवर सरकवतो. कॅसेटची फट तशीच दिसते, गाणं मात्र मोबाइलचं लागतं. हे काम तासाभराचं. पुढचा अर्धा तास त्याच्या हट्टाचा. काचा वर करून, डोळे मिटून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि डाव्या-उजव्या आवाजाचं बटण हळूहळू फिरवत राहतो. गाणाऱ्याचा गळा बरोबर समोरून यायला हवा. तो गळा एखाद्या दारात जाऊन बसला असेल, तर गाडी दुकानाबाहेर पडत नाही. "अहो, लागलंय ना गाणं? द्या की आता," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो उत्तरसुद्धा देत नाही.

एकदा एक निवृत्त शिक्षिका बावीस वर्षांची गाडी घेऊन आल्या. डबी बसली, मोबाइल जोडला, गाणं लागलं. दादा म्हणाला, "उजवा स्पीकर मेलाय." त्याने दार उघडून स्पीकर बदलला. तरी तेच. दुसऱ्या दिवशी वायर बदलली. तिसऱ्या दिवशी डबीच नवी घातली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याने तर अंगण तीन वेळा उकरलं. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी बाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "छान वाजतंय की!"

"उजवा बंद आहे, बाई."

"बंद कुठला? माझ्या कानात ओरडतोय तो."

दादाने बाईंसाठी दार उघडलं. बाई उतरल्यावर तो सीटवर चढला आणि उलटा बसला, गुडघे सीटवर, तोंड मागच्या काचेकडे. मला वाटलं, मागे काहीतरी शोधतोय. तो फक्त ऐकत होता. आता उजव्या दारातला स्पीकर त्याच्या डाव्या कानाशी आला होता आणि ठणठणीत वाजत होता. गप्प झाला होता डाव्या दारातला. म्हणजे स्पीकर, वायर, डबी सगळं शाबूत होतं.

तो खाली उतरला. बाईंचा जुना स्पीकर पुसून त्याने परत दारात बसवला. स्क्रू आवळले. "झालं," म्हणाला.

कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"माहीत नाही. मी स्पीकर बदलत होतो."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. नस गेली आहे, उजवा कान परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा म्हणाला, "बरं." दूधवाला उद्या येणार नाही म्हणाला की आपण म्हणतो ना, तसं. घरी येऊन जेवला, ताट उचललं. मी त्याच्यावर चिडले. रडला असता, आदळआपट केली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं. "तुला काही वाटतं की नाही?" मी विचारलं. त्याने जरा विचार केला. "नाही गं," म्हणाला. खोटं बोलत नव्हता, तेच वाईट.

आठवडाभर त्याने फक्त हॉर्न आणि दिव्यांची कामं घेतली. मग एक नवराबायको जुनी गाडी घेऊन आले. त्यांना मोबाइल जोडून हवा होता. दादाने डबी बसवली, टेप सरकवला आणि ड्रायव्हरच्या सीटपाशी आला. पण बसला नाही. दार धरून उभा राहिला.

"तुम्हीच बसा," तो त्या नवऱ्याला म्हणाला. "मला एका कानाने ऐकू येत नाही."

गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच बोलला हे. नवऱ्याने बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं आणि पार डावीकडे नेऊन सोडलं. गाण्यातलं मला काही कळत नाही असं घरात सगळे म्हणतात, पण मलाही कळलं, गाणारी बाई डाव्या दारात जाऊन बसली होती. दादाला ऐकायची गरजच नव्हती. बटण कुठे थांबलंय ते तो बघत होता.

"एकदम मस्त!" नवरा म्हणाला.

मी दादाकडे पाहिलं. आता हात आत घालेल, आता म्हणेल, थांबा. घाल ना रे हात, मी मनात म्हणत होते.

"बरं," दादा म्हणाला आणि त्यांना गाडी मागे घ्यायला जागा करून दिली.