केस पेपरवरची दारू

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण आमच्या गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की फाट्यावरचा वेल्डिंगवाला पिऊन माणसं मारतो. मारतो हे खरं आहे, पितो हे खोटं. एवढी एक गोष्ट कागदावर नीट उतरवून घ्यायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आधीच्या उभ्या जन्मात दिल्या नसतील.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर माझं दुकान आहे. ट्रकचे मागचे फाळके, ढाब्यांच्या भट्ट्या, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टरची केजव्हील, म्हणजे धानाच्या बांधीत चिखल करायची लोखंडी चाकं. हात चांगला आहे, डोकं चांगलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला बायपोलर म्हटलं. कधी दोन-दोन महिने खाटेवरून उठावंसं वाटत नाही. कधी अंगात असं वारं भरतं की झोप नाही, भूक नाही, सगळं जग मूर्ख आणि मी एकटा शहाणा. हा दुसरा प्रकार वाईट, कारण त्यात माझ्या हाताला जे लागेल ते मी चालवतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, गावातल्या चौघांना घेऊन मला बैलांच्या कोठ्यात मधल्या खांबाला साखळीनं बांधलं. सव्वीस दिवस. झाडफूक करणारा एक जण रोज यायचा आणि ओल्या फोकानं पाठीची सालटी काढायचा. एकदा तो जवळ वाकला आणि मी त्याच्या अंगठ्याचा लचका तोडला. त्यानंतर मला भाकर काठीनं ढकलून देऊ लागले. पुढे नागपूरचा डॉक्टर सापडला, गोळ्या सुरू झाल्या, लग्न झालं, मुलगा झाला, दुकान झालं. बरी वर्षं गेली. मग मला वाटलं, आता कशाला गोळ्या? हे प्रत्येकालाच वाटतं म्हणे. मी सोडल्या.

ते वैशाखाचे दिवस होते. तीन रात्री मी झोपलो नव्हतो. साऱ्या गावाला फुकट फाटकं बनवून द्यायची असं ठरवून मी दुकानातलं सगळं लोखंड कापून टाकलं होतं. एका ट्रक ड्रायव्हरनं त्याचा फाळका मागितला आणि मी हातोडा उचलून त्याच्या समोरच्या काचेवर घातला. एक, दोन, तीन. काच फुटेना, नुसती जाळी पडली, म्हणून मी मूठ घातली. ती आत गेली. मनगटाच्या शिरा तुटल्या आणि रक्त माझ्याच तोंडावर उडालं, आणि खरं सांगतो, मला भारी आनंद झाला. दादा धावत आला, मला मागून कवेत धरायला. मी फिरलो आणि तोच हातोडा त्याच्या खांद्यावर मारला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि त्याच जागी आणखी एक मारला. ढाब्यावरची पाच-सहा माणसं माझ्यावर बसली तेव्हा कुठे मी थांबलो. ताडपत्रीच्या दोरानं बांधून मला पिकअपमध्ये टाकलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? दादाचा हात लोंबत होता, घामानं सदरा भिजला होता. तो म्हणाला, "मोहाची पिऊन आहे, साहेब. आज जास्तच झाली."

डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं: दारूच्या नशेत मारहाण.

दादानं वाईट बुद्धीनं सांगितलं नाही. आमच्याकडे असंच सांगतात. मोहाची दारू घरोघरी निघते, तिची लाज कोणाला नाही. पिऊन कोणाचं डोकं फोडलं तर चार दिवस बोलतील, मग तुमच्याच मांडीला मांडी लावून जेवतील. पण घरात पागल आहे असं एकदा झालं की त्या घरची पोर कोणी करत नाही. दादाची पोरगी तेव्हा बारावीला होती. मोडलेल्या हाडानं तिथे उभं राहूनही तो तिच्यासाठी खोटं बोलला, हे मला कळतं. तरी त्या वाक्याचा मला आजही संताप येतो.

तिथून मला नागपूरला हलवलं. महिनाभर खासगी दवाखाना झाला. त्यात इटियाडोह धरणाच्या नहराखालच्या आमच्या दोन्ही ओलिताच्या बांध्या गेल्या. विकण्यासारखं तेवढंच होतं. म्हणजे पुढच्या खेपेला दवाखाना नाही, थेट बैलांचा कोठा. पुढची खेप येणारच नाही असं डॉक्टर काही लिहून देत नाहीत. म्हणून मला आरोग्य विमा हवा होता. मला तो म्हातारपणासाठी नको होता. साखळीपासून वाचण्यासाठी हवा होता.

शेजारच्या गावचा एक विमावाला दुकानात आला. म्हणाला, "आजाराचा रकाना कोरा सोडू, भाऊ. कोन पाहून राहिला?" मी नाही म्हणालो. मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो असा कायदा आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी सगळं खरं लिहिलं, गोळ्यांच्या नावांसकट. कंपनीनं जुने कागद मागवले. मी मूर्खासारखा अख्खी फाइल दिली, तालुक्याच्या केस पेपरसकट.

नकार आला तो इंग्रजीत. विमावाल्यानं वाचून सांगितला. "पागलपनावर झगडता आलं असतं, भाऊ. पन इथं दारू लिहून आहे. दारूचं कंपनी काहीच देत नाई."

"मी पीत नाही."

"मले काऊन सांगता? कागद सांगून राहिला."

मी हसलो. मग त्याचं हेल्मेट उचलून हायवेवर भिरकावलं. एका ट्रकनं त्याचा पापड केला.

त्यानंतर कंपनीच्या फोन लाइनीवर एक बाई भेटायची. आवाज गोड. "सर, आप कब से ड्रिंक करते हैं?" मी म्हणायचो, नहीं करता. "अच्छा, छोड़े कितना टाइम हुआ, सर?" असे तीन फोन मी जमिनीवर आपटले. गावात सरपंचाकडे गेलो तर तो मोठ्या मनानं दाखला द्यायला तयार झाला, सदर इसम आता व्यसनमुक्त आहे म्हणून. शिक्कासुद्धा काढला त्यानं. मी तो कागद त्याच्यासमोरच चावून त्याच्या टेबलावर थुंकलो. लोक म्हणाले, पाहा, दारू सुटली नाही अजून.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सोबत आणणारा जे सांगतो ते मी लिहितो. त्यानंच येऊन खरं काय ते लेखी दिलं तर दुरुस्ती करता येईल."

म्हणजे दादा.

तो बांधीवर होता, फावड्यानं फुटलेली पाळ नीट करत. ही बांधी आता दुसऱ्याची, दादा तिथे ठेक्यानं करतो. मी म्हणालो, दादा, एक सही पाहिजे.

त्यानं वर न बघताच सांगितलं, "पोरीची सोयरिक चालू आहे. पागल म्हनून लिहून देऊ काय तुले? तिचं लगन होऊ दे, मंग देतो."

"तोवर मला झालं तर? परत कोठ्यात बांधशील?"

"तोवर गोळ्या खा." मग मान वर करून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आज खाल्ल्या का?"

खाल्ल्या होत्या. सकाळी, जेवून, पाण्याबरोबर. बाकी कोणाला राग आला तर तो राग असतो, मला आला की घरचे गोळ्या मोजतात. मी त्याच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि डोक्यावर उचललं. माझ्या तोंडातून आईवरून शिवी गेली, म्हणजे माझ्याच आईवरून. फावडं मी खाली आणलं. ते त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर चिखलात दांड्यापर्यंत गेलं. दादा हलला नाही. मोडून वाकडा जुळलेला खांदा तेवढा त्यानं दुसऱ्या हातानं झाकून घेतला.

त्या दिवशी माझ्या अंगात कसलंही वारं नव्हतं. झोप पुरती झाली होती, डोकं स्वच्छ होतं. ते फावडं मी माझ्या अकलेनं उचललं होतं आणि ते कुठे पडावं हे अगदी शेवटपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. आजाराच्या खात्यावर जमा करावं असं त्यात काहीच नाही.

माझी बायको डबा घेऊन पाळीवर उभी होती. तिनं सगळं पाहिलं. डबा ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर जायची साडी नेसून दारात उभी राहिली. "चला."

"कुठे?"

"दवाखान्यात. त्या दिवशी पिकअपमध्ये मीबी होती. मी देतो लेखी."

हे इतके महिने कोणालाच सुचलं नव्हतं. दवाखान्यात बोलायचं ते पुरुषानं, अंगठा-सही त्याची. डॉक्टर 'सोबत आणणारा' म्हणाले तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर दादाच आला. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, दादावर रागावली आहे.

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली, मला भिंतीजवळचा स्टूल. ती एकेक सांगू लागली. तीन रात्री झोप नाही. लोखंड कापलं. डॉक्टर लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या सकाळी दुकानात जाण्याआधी घरी काही झालं होतं?"

मी म्हणणार होतो, काही नाही. कारण मला काही आठवत नव्हतं, आणि बायकोला मी कधी बोट लावलं नाही ही एकच गोष्ट मी लोकांना छाती पुढे काढून सांगत असे.

ती माझ्याकडे मान करून म्हणाली, "यायनं मले चुलीपाशी धरलं. एका हातानं गळा, एका हातानं केस. डोकं भिंतीले आपटलं. चार खेपा. मी मोजलं. पाचव्या खेपेले हात सुटला तं मी कोठ्यात जाऊन दार लावलं. मंग हे दुकानात गेले."

आवाजात काही चढउतार नव्हता. दुकानात सामान सांगावं तसं सांगत होती.

"तेव्हा दाखवलं नाही का कुठे?"

"दाखवलं ना. त्या दिवशी पदराखाली दाबून पिकअपमध्ये बसली. दुसऱ्या दिवशी इथंच. तुमीच टाके घातले. न्हानीत पाय घसरला म्हनून मी सांगतलं, तसं तुमी लिहलं." तिनं मान खाली केली आणि भांगाच्या बाजूचे केस बोटांनी दूर केले. तिथे बोटभर पांढरी रेघ होती. तेव्हापासून इतके महिने मी त्या डोक्याशेजारी झोपलो आणि ती रेघ मी पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "दारूचा वास होता?"

"दारू असती तं उतरली असती, साहेब. सकाळी पाय धरले असते यायनं."

डॉक्टरांनी माझा केस पेपर दुरुस्त केला. मग तिला विचारलं, तुमचाही करू का? ती म्हणाली, माझाही करा. तिनं दोन्हीवर सह्या केल्या. सावकाश, पूर्ण नावानं.

बाहेर आल्यावर मी दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटायला लागलो. एकदा, दोनदा. कपाळ फुटलं. लोक जमले. तिनं माझी कॉलर धरून मला मागे ओढलं आणि म्हणाली, "नाटक नका करू. बस सुटून राहिली."

चार महिन्यांनी पॉलिसी आली. विमावाला नवं हेल्मेट घालून आला, दुकानाच्या आत मात्र आला नाही. पायरीवरूनच सांगितलं की सगळं मंजूर आहे, फक्त जुन्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं. तीन वर्षं संपली की डोक्याचा दवाखाना कंपनी करेल.

"आन् तीन वर्षांच्या आत झालं तं?" बायकोनं विचारलं.

"होऊ नका देऊ," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.

दादा माझ्याशी बोलत नाही. पुतणीची सोयरिक टिकली की मोडली ते अजून कळलेलं नाही. मी पॉलिसीचा कागद हातात घेऊन तसाच उभा होतो. बायकोनं दुकानात कोणी गिऱ्हाईक नाही ना ते बघून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तीन वर्षांत झालं तं मी कोनाले बांधू देनार नाई," ती म्हणाली. "पन मी राहनारबी नाई. पोराले घेऊन त्याच दिवशी निघून जाईन. आता शुद्धीत आहा, तं ऐकून घ्या."

मला तिला मारावंसं वाटलं नाही, रडावंसंही वाटलं नाही. मला भीती वाटली, आणि माझी ही भीती पहिल्यांदाच स्वतःसाठी नव्हती.

"दाराला बाहेरून कडी लावून जाजो," मी म्हणालो. "नाही तर मी मारायला मागं येईन."

ती हो म्हणाली.