सणसरच्या निलगिरीचं वय

माझ्या हातून एकदा एक जंगल वाढलं. लॅपटॉपवरच, पण ते असं काही वाढलं की मी घाबरून खुर्ची मागे सरकवली.

मी बारामतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मध्यंतरी आम्हा शिक्षकांना एका प्रशिक्षणात जंगल वाढवायचं मॉडेल शिकवलं. झाडाची जात, वय, खोडाचा घेर, माती आणि पाऊस एवढं सांगायचं. मग संगणक एकेक वर्ष पुढं सरकवतो, झाडं वाढवतो, काही मारतो आणि शेवटी लाकडात किती कार्बन साठेल ते सांगतो. कोरड्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कार्बनचंच असतं. मला हे इतकं आवडलं की त्याच दिवशी मी दारातला कढीपत्ता वीस वर्षं पुढं नेला आणि यापुढं फोडणीसाठी पानं वरच्या मजल्यावरून तोडावी लागतील, असं नवऱ्याला जाहीर केलं. तो म्हणाला, "आधी फोडणी तर दे."

ही कीर्ती सणसरला तात्यांच्या कानावर गेली. तात्या माझे चुलतभाऊ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांच्या उसाला लागून दीडेक एकर माळ आहे, त्यावर निलगिरी. तात्यांच्या तिशीतल्या मुलाला तो माळ सपाट करून तिथंही ऊस लावायचा होता, कारण पाइपलाइन आता तिथवर पोचली होती. तात्यांना झाडं ठेवायची होती. यावरून दोघांचं बोलणं इतकं बंद झालं की शेजारी जेवायला बसून मीठसुद्धा सुनेमार्फत मागायचं.

त्याच सुमाराला एका संस्थेनं शेतातल्या अशा रानांची यादी करायला घेतली. ज्या रानात पुरेसा कार्बन साठेल ते यादीत घ्यायचं आणि मालकानं ते तीस वर्षं राखायचं. बापलेकांनी सुनेमार्फतच ठरवलं, की रान यादीत बसलं तर झाडं राहतील, नाही बसलं तर पोकलेन येईल. आणि आकडे कोण काढणार? तर मी!

रविवारी टेप घेऊन निघाले. काटेवाडी मागे पडेपर्यंत स्कूटरवर तात्यांना मॉडेल समजावायच्या भाषणाची तालीमही झाली. माळावर तात्या डोक्याला टॉवेल बांधून तयार होते.

"साडेचार फुटांवर टेप धरा, तात्या."

"साडेचार फूट कुणाच्या मापानं?"

"टेपच्या."

"मग बरं. माझ्या मापानं धरशील तर मी आता वाकलोय."

मी घेर लिहीत होते, तात्या वय सांगत होते. ही ओळ तीन वर्सं, ती पाच, पलीकडची पुन्हा तीन. एकदाही अडखळले नाहीत. बांधावर बसलेला मुलगा म्हणाला, "आत्या, त्यांना सोताचं वय इचारा. त्ये बी पाचच सांगतील."

घरी येऊन आकडे भरले आणि मॉडेल सोडलं. पाच वर्षांत झाडं विजेच्या खांबाएवढी जाड झाली, पंधरा वर्षांत मिठीत मावेनात. तिसाव्या वर्षी सणसरच्या माळावर असं रान उभं राहिलं की त्यात हत्ती सोडायला हरकत नव्हती. शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. तात्यांना फोन केला, त्यांनी पारावर सांगितलं. मुलानं फोन घेऊन एवढंच विचारलं, "आत्या, मशीन बरं हाय नव्हं?"

इंदापूरला, एस.टी. स्टँडच्या मागं, संस्थेची एक बाई बसायची. तिनं माझा आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"मॅडम, हे सणसरच ना?"

"हो."

"तीन वर्षांत एवढा घेर असेल, तर पुढं हे असंच होणार. वय तपासून आणा. असं मी पुढं पाठवलं तर लोक झाडं बघायला बस करून येतील."

मी तशीच सणसरला गेले. "तात्या, ही ओळ नक्की तीन वर्षांची आहे?"

"व्हय."

"लावली कधी?"

"लावून अठरा वर्सं झाली की."

"मग तीन कशी?"

पहिल्या वर्षाच्या मुलांकडे मी जशी बघते, तसं तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तोडून तीन वर्सं झाली. उसाचा खोडवा ठेवला तर त्याचं वय तोडीपासनं धरत्यात का लागणीपासनं? येवढं शिकलीस आन् ह्ये ठावं न्हाय?"

तोडलेला ऊस बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. त्याचं वय नव्यानं सुरू होतं. तात्यांनी आयुष्यभर तसंच मोजलं होतं आणि निलगिरीही तोडली की फुटते. एकेका बुडख्यातून वर आलेले दोन-दोन, तीन-तीन फुटवे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. दरवर्षी फळ्यावर त्याची आकृती काढते मी! माळावर मात्र त्यांना शेजारी शेजारी लावलेली झाडं समजून मोकळी झाले होते.

तिथंच ओट्यावर बसून वय अठरा केलं. तेच रान एकदम मरतुकडं दिसायला लागलं. अठरा वर्षांत एवढीशीच वाढ, म्हणजे पुढं काहीच नाही.

"बोलवू का पोकलेन?" मुलगा म्हणाला.

मी आकडे पुन्हा वाचले. मूळ अठरा वर्षांचं, खोड तीन वर्षांचं. जुन्या मुळाच्या जोरावर फुटवा सुरुवातीला धावतो, पण कायम धावत नाही. मग झाडाचं वय काय म्हणायचं? आणि आधी तोडलेलं लाकूड तर गोठ्याच्या खांबांत उभं होतं, त्याच्या आत बसून म्हैस रवंथ करत होती. तो कार्बन कुणाचा?

शेवटी मॉडेलमध्ये तोडणीचं एक पान सापडलं. प्रशिक्षणात त्या वेळी मी चहा पीत होते. प्रत्येक तोडीचं साल हवं होतं.

"पहिली तोड गोठ्याला," तात्या म्हणाले.

"गोठा मागनं झाला," मुलगा एकदम बापाकडे वळला. "पहिली तोड म्या बारावीला नापास झालो त्या साली. मलाच कुऱ्हाड दिली हुती तुमी."

"तवाच तर गोठा झाला!"

"न्हाय ओ! तवा नुसता मांडव हुता!"

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे कुणी मीठ मागत नव्हतं.

सालं मिळाली, आकडा आला. हत्तीचा नाही आणि मरतुकडाही नाही. इंदापूरच्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, "बसतंय. फक्त तीस वर्षं तोड बंद."

"तोड बंद?" तात्या उठून उभे राहिले. "मग झाडं ठेवायची कशाला?"

"म्हंजी तुमी तोडायसाठी राखत हुता?" मुलगा म्हणाला.

"मग काय आरती करायला?"

आता मला कोण कुणाच्या बाजूचं तेच कळेना. सही केली तर तात्यांना खांब नाहीत, नाही केली तर झाडंच नाहीत. मुलगा मजेत बसला होता. शब्द त्याचाही होता, पण कोंडीत सापडले होते तात्या.

तात्यांनी माळाकडे बोट केलं. मग म्हणाले, "गोठ्याकडच्या तीन वळी सोडून बघ. त्या माझ्या. बाकीचं बसतंय का बघ."

मी तीन ओळी काढल्या आणि मॉडेल पुन्हा सोडलं. तिघंही पडद्यावर वाकलो. आकडा आला. तो फोनवर सांगितला, तर बाई म्हणाली, "काठावर, पण बसतंय."

मुलानं पेन पुढं केलं. "तीन वळीत ऊस लावणार न्हाय मी. पण बाकीच्याला कुऱ्हाड लावाल तर बघा."

तात्यांनी सही केली आणि दोघं सुतळी घेऊन हद्द आखायला गेले. चौथ्या ओळीची सुरुवात कुठं, यावर पहिला वाद झाला. मग सुतळी एका बुडख्यावर अडली. एक फुटवा अलीकडं, एक पलीकडं.

"आत्या, ह्ये झाड कुणाचं?"

मी लॅपटॉप उघडला. अर्ध्या झाडाची तिथं सोय नव्हती. तात्या सुतळी ओढत होते, मुलगा सोडत नव्हता, आणि दोघंही माझ्याकडं बघत होते.